गाडी 'पी'त अडकली आहे, बॅटरी ठार. टोचन करायचं तर न्यूट्रलला कशी आणायची?

पोटमाळा | बुधवार, रात्री ९:४८

मंडळी, तातडीची मदत हवी आहे. नेहमीसारखा पाल्हाळ लावत नाही.

गाडी बाबांची. २०१५ ची पेट्रोल सेदान, ऑटोमॅटिक, सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारा गिअरबॉक्स). किल्लीने चालू होणारी, बटणाची नाही. गणपतीला चिपळूणला जायच्या आदल्या दिवशी बाजारातून येताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला होता. बाबा म्हणाले, आल्यावर बघू. गाडी बेसमेंटमध्ये लावली आणि आम्ही ट्रेनने गेलो. बाबा अजून गावीच आहेत. मी १९ दिवसांनी आज परतले, तर रिमोट चालत नाही. किल्लीने दार उघडलं, आत घड्याळसुद्धा बंद.

एरवी उद्या बघितलं असतं. पण आमच्या (मुलुंडच्या) सोसायटीत उद्या सकाळी ८ ला नेमक्या त्याच कोपऱ्यात भिंतीच्या गळतीचं काम सुरू होतंय. नोटीस आठ दिवसांपूर्वी लागली होती, मी गावी मोदक खात होते.

गाडीचं तोंड भिंतीकडे, डावीकडे खांब, उजवीकडे चिकटून शेजाऱ्यांची गाडी. शेजाऱ्यांनी जम्पर केबल काढली, ती पोचत नाही. टोचनवाला फ्लॅटबेड (गाडी पाठीवर नेणारा सपाट ट्रक) घेऊन आलाय, पण बेसमेंटची उंची २.१ मीटर, त्याचा ट्रक खाली उतरत नाही. त्याचं म्हणणं, "मॅडम, न्यूट्रल करून रॅम्पच्या तोंडाशी आणून द्या, वरून विंचच्या तारेने ओढून घेतो. नाही झालं न्यूट्रल तर तशीच ओढू. पुढची चाकं घासत येतील, काय होत नाही."

गिअरचा दांडा 'पी'मधून (म्हणजे पार्किंगमधून) केसभरही हलत नाही. ब्रेक दाबून पाहिला, किल्ली फिरवून पाहिली, देवाचं नाव घेऊन पाहिलं.

बेसमेंटमध्ये रेंज नाही. पोडियमवर येऊन लिहितेय, परत खाली जाऊन करून बघेन, परत वर येईन. जिने मोजू नका, उत्तर द्या.

---

ठाणे_ते_चर्चगेट | ९:५३

तशीच ओढू देऊ नका, एवढंच आत्ता सांगतो. जाणकार येतीलच.

---

उडाणटप्पू | ९:५५

सोप्पं आहे. चार जण बोलवा, सेकंडला टाका, धक्का मारा, क्लच सोडा.

---

ठाणे_ते_चर्चगेट | ९:५६

उडाणटप्पू, धाग्याचं नाव वाचा. ऑटोमॅटिक आहे. क्लच कुठला सोडणार, शेजाऱ्यांचा?

---

गॅरेजबाहेरचा | १०:०१

पोटमाळाताई, घाबरू नका. दांडा बिघडलेला नाही, त्याला कुलूप आहे आणि त्या कुलपाला वीज मिळत नाहीये. यासाठी गाडीतच चोरवाट ठेवलेली असते. क्रमाने करा:

आधी हँडब्रेक पूर्ण वर ओढा. शिवाय मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वीट नाहीतर दगड लावा. 'पी' सुटलं की गाडीला धरणारं दुसरं काही उरत नाही.

मग गिअरच्या दांड्याच्या आजूबाजूला टॉर्च मारून बघा. जिथे 'पी आर एन डी' लिहिलंय त्या पट्टीच्या एका टोकाला नखाएवढं किंवा बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं झाकण असेल. काही गाड्यांत त्यावर 'शिफ्ट लॉक' असं लिहिलेलं असतं, काहींत कोरं असतं. बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला रुमाल गुंडाळा आणि ते झाकण कडेने उचका. रुमाल नाही लावलात तर कन्सोलवर ओरखडा पडेल आणि बाबा तो पहिल्यांदा बघतील.

खाली भोक दिसेल. किल्ली इग्निशनला 'ऑन'वर ठेवा, म्हणजे स्टिअरिंगचं कुलूपही सुटेल. त्या भोकात स्क्रूड्रायव्हर किंवा घराची एखादी बारीक किल्ली सरळ खाली दाबा. दाबून धरा, सोडू नका. पाय ब्रेकवर. दाबलेलं असतानाच दांड्यावरचं बटण दाबून दांडा 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलला आणा. दोन हात लागतात, तिसरा माणूस मोबाईलचा उजेड धरायला.

झालं की सांगा. लगेच ढकलायला जाऊ नका, रॅम्पबद्दल वेगळं लिहितो.

---

पार्लेकरीण | १०:०४

स्क्रूड्रायव्हर नसेल तर क्रोशाची सुई! जाड, स्टीलची. आमच्या ह्यांनी एकदा वापरली होती. सुई आजही वाकडी आहे आणि रुमालाचं काम अर्धवट.

---

पोटमाळा | १०:१९

झाकण सापडलं!! दांड्याच्या उजव्या अंगाला, अगदी कोपऱ्यात. दहा वर्षं त्या गाडीत बसतेय, ते झाकण आहे हे आज कळलं. स्क्रूड्रायव्हर मिळाला नाही, नेलकटरच्या कानशीने उचकलं. टप्प करून उडालं ते कुठे गेलं देव जाणे.

पण भोकात घराच्या लॅचची किल्ली घातली तर खाली काही दबत नाही. मऊ काहीतरी लागतं, मग अडतं. दांडा ढिम्म.

बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी ब्रेक दाब." मी म्हटलं, "बाबा, दाबलाय." म्हणे, "नीट दाब."

---

गॅरेजबाहेरचा | १०:२३

मऊ लागतंय म्हणजे कचरा. व्हॅक्युम क्लीनर नसेल तर टूथपिक किंवा दाढीच्या ब्रशने उकरून काढा. आत साधारण बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर प्लास्टिकची जीभ आहे, ती स्प्रिंगवर खाली जाते. ती दबली की हाताला कळतं. मऊ अडणं वेगळं आणि स्प्रिंगचं उलटं ढकलणं वेगळं.

दुसरं, गाडी उभी आहे तिथे जमिनीला उतार आहे का? बेसमेंटमध्ये पाणी निचऱ्यासाठी ठेवलेला असतो.

---

जुनाखोड | १०:३१

उताराचा प्रश्न योग्य आहे, त्यामागचं कारण सांगतो. ताई खाली गेल्या आहेत तोवर वाचायला बाकीच्यांना होईल.

ऑटोमॅटिकमध्ये 'पी' म्हणजे ब्रेक नव्हे. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर एक दातेरी चाक असतं. 'पी'ला टाकलं की एक लोखंडी खिट्टी त्या दातांच्या खाचेत जाऊन बसते. बस्स, एवढंच. बोटाएवढ्या लोखंडाच्या तुकड्यावर अख्खी गाडी उभी. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची चाकं अडतात, मागची मोकळीच असतात. म्हणून तर हँडब्रेक.

उतारावर हँडब्रेक न लावता नुसतं 'पी' केलं की गाडी दोन-तीन बोटं सरकते आणि सगळं वजन त्या खिट्टीवर जाऊन टेकतं. मग सोडवताना दांडा दगडासारखा लागतो आणि सुटताना 'खट्ट' असा आवाज येतो. उपाय: गाडी चढाच्या दिशेने थोडीशी रेटून धरायची, खिट्टीवरचा भार हलका झाला की दांडा सुटतो. लावतानाचा बरोबर क्रम म्हणजे ब्रेक दाबलेला, मग 'एन', मग हँडब्रेक, मग पायाखालचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची आणि शेवटी 'पी'. आमच्या सोसायटीत हे करणारा मी एकटा. मागे उभे असलेले हॉर्न वाजवतात.

आता कुलपाबद्दल. खिट्टी वेगळी, कुलूप वेगळं. दांड्याला 'पी'त अडकवून ठेवणारा एक छोटा सोलेनॉइड असतो, म्हणजे विजेवर चालणारा खटका. इग्निशन चालू आणि ब्रेक दाबलेला, अशा दोन्ही गोष्टी जमल्या की तो सरकतो. शांत गाडीत ब्रेक दाबताना दांड्याखाली कान दिलात तर 'टिक' ऐकू येते, ती त्याचीच. बॅटरी मेली की टिक नाही, आणि टिक नाही तर दांडा नाही.

हे कुलूप आलं कुठून त्याचीही गोष्ट आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत ऑडी ५००० ही गाडी आपोआप सुसाट सुटते अशी ओरड झाली, टीव्हीवर गाजली. कंपनीने गाड्या परत बोलावून हा ब्रेकचा खटका बसवून दिला. १९८९ मध्ये तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याच्या अभ्यासात निघालं की बहुतेक लोक ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबत होते. ब्रेकवर पाय असल्याशिवाय 'पी' सोडायचंच नाही, हा साधा इलाज तेव्हापासून रुळला. १ सप्टेंबर २०१० पासून बनलेल्या गाड्यांना तो अमेरिकेत सक्तीचा आहे.

तेव्हा "नीट दाब" म्हणणाऱ्या ताईंच्या वडिलांची अगदीच चूक नाही. फक्त आज वीज नाही.

---

उडाणटप्पू | १०:३५

काका, मस्त माहिती. पण ताईंचा ट्रक वर उभा आहे, वेटिंग चार्ज चालू असेल.

---

गॅरेजबाहेरचा | १०:४१

रॅम्पबद्दल. ताई, हे वाचल्याशिवाय गाडी जागेवरून हलवू नका.

इंजिन बंद असताना ब्रेकला मदत मिळत नाही. एरवी इंजिन बंद केल्यावर दोन-तीनदा दाबण्याइतका व्हॅक्युम साठलेला असतो, १९ दिवसांनी तोही नसणार. ब्रेक लागतो, पण विटेवर पाय दिल्यासारखा कडक लागतो. सीटवर जो बसेल तो दणकट हवा आणि त्याला हे आधी माहीत हवं, नाहीतर ऐनवेळी "ब्रेक फेल" म्हणून ओरडेल. हँडब्रेक दांड्याचा आहे ना? मग एक हात त्यावर. स्टिअरिंगही जड लागेल.

गाडी आधी उलटी ढकलून जागेतून काढा, मधल्या वाटेत वळवून तोंड रॅम्पकडे करा. डिकीत टूलकिटमध्ये एक कडी असते, पुढच्या बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून ती आत फिरवत पूर्ण आवळायची. विंचचा हुक त्या कडीला. बंपरच्या जाळीला नाही, सस्पेन्शनच्या दांड्याला नाही.

रॅम्पवर माणसांनी ढकलायचं नाही. विंचने हळूहळू येऊ द्या. आणि गाडीच्या मागे, म्हणजे उताराच्या बाजूला, कुणीही उभं राहायचं नाही. तारेच्या रेषेतही नाही. वॉचमनकाका मदतीला धावून मागून हात लावतात, त्यांना आधीच बाजूला करा.

---

नुसताच_वाचक | १०:५०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ताई, लवकर या वर.

---

पोटमाळा | ११:३४

झालं! गाडी ट्रकवर चढली. आत्ता पायरीवर बसून लिहितेय, हात काळे आहेत.

आता ऐका. भोकात काय होतं? बडीशेप. आणि साखरेत घोळवलेली असते ना, लाल-पांढरी, ती. बाबांना जेवणानंतर बडीशेप लागते, गाडीत कपहोल्डरमध्ये डबी असते. दहा वर्षांत जे सांडलं ते त्या झाकणाच्या फटीतून आत गेलं आणि पावसाळ्याच्या दमटपणाने त्याची चिक्की झाली. पिनेने टोकरून टोकरून काढली. मोबाईलचा उजेड धरणारा शेजाऱ्यांचा मुलगा म्हणाला, "काकू, वास किती छान येतोय."

नंतर किल्ली घातली तर खाली स्प्रिंगसारखं लागलं. दाबून धरली, दुसऱ्या हाताने दांड्याचं बटण, आणि दांडा सरकन 'आर'वरून 'एन'ला. इतक्या सहज की मी दचकलेच.

मग विटा काढल्या, हँडब्रेक खाली केला, तिघांनी धक्का मारला. गाडी हलेना! म्हटलं आता काय, पुन्हा 'पी'? दांडा तर 'एन'वरच होता. टोचनवाला खाली आला, मागच्या चाकाशी वाकला आणि म्हणाला, "ब्रेक चिकटलाय, पावसाचं उभी होती ना." पुढे-मागे, पुढे-मागे झुलवली. चौथ्या झोक्याला मागून 'कट्ट' असा आवाज आला आणि गाडी लोण्यासारखी मागे आली.

कडी सापडली, स्टेपनीच्या खाली. सीटवर टोचनवाल्याचा पोऱ्या बसला. ब्रेकचं त्याला सांगितलं तर तो हसला, त्याला माहीत होतं. वॉचमनकाकांना बाजूला करायला मात्र दोनदा सांगावं लागलं.

एक शंका. 'एन'ला आल्यावर किल्ली इग्निशनमधून निघेना. तशीच ठेवून दिली, टोचनवाल्याने सकाळी गॅरेजला पोचवायची असं ठरलंय. बरोबर केलं ना?

गॅरेजबाहेरचा, तुम्हाला एक किलो बडीशेप लागू.

---

गॅरेजबाहेरचा | ११:४०

बरोबर. दांडा 'पी'त असल्याशिवाय किल्ली सुटत नाही, हा त्याच कुलपाचा धाकटा भाऊ. ट्रकवर चढवल्यावर परत 'पी'ला टाकून किल्ली काढता येते. पट्ट्यांनी चाकं बांधल्याशिवाय ट्रक हलू देऊ नका.

हँडब्रेक चिकटण्याचं माझ्या लक्षातच आलं नाही, चूक माझी. मुंबईत पावसाळ्यात दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल आणि जमीन सपाट असेल, तर ऑटोमॅटिक 'पी'त ठेवून हँडब्रेक न लावता चाकांना विटा लावणं बरं.

---

पार्लेकरीण | गुरुवार, सकाळी ७:२०

वाचनखूण साठवली आहे. धागा वाचून सकाळी खाली जाऊन आमच्या गाडीत झाकण शोधलं. नाही सापडलं. दांडाच नाही मुळात, गोल चकती फिरवायची आहे. आता?

---

जुनाखोड | सकाळी ८:०५

पार्लेकरीणताई, तुमच्या गाडीत दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यात तार नाही, फक्त विजेचा निरोप जातो. गोल चकती, बटणं किंवा परत जागेवर येणारा छोटा दांडा असलेल्या बहुतेक गाड्या अशाच. इंजिन बंद केलं की बऱ्याच गाड्या स्वतःहून 'पी' लावतात. बॅटरी गेली तर वरून उघडायला काही नाही. काहींत कार्पेटखाली किंवा बोनेटमध्ये ओढायची तार असते, काहींत तीही नसते. यांचं उत्तर मॅन्युअलमध्येच बघावं, अंदाजाने काही उचकू नये. हँडब्रेकही बटणाचा असेल तर तोही विजेशिवाय सुटत नाही. स्टिअरिंगचं कुलूपसुद्धा बटणस्टार्ट गाड्यांत बऱ्याचदा विजेवरच असतं.

अशा गाडीला पहिला इलाज म्हणजे बाहेरून १२ व्होल्ट देणं. इंजिन चालू व्हायची गरज नाही हे लक्षात घ्या. सेल मारायला शेकड्याने अँपिअर लागतात, खटका सोडवायला अगदी थोडे. हातात मावणारा जम्पस्टार्टचा डबा मिळतो तो यालाही पुरतो. पोटमाळाताईंकडे असा डबा असता तर केबल पोचण्याचा प्रश्नच नव्हता, भिंतीजवळून हात घालून लावता आला असता.

---

घाटवळण | सकाळी ९:१२

माझी इलेक्ट्रिक आहे. लोकांना वाटतं एवढी मोठी बॅटरी खाली आहे, ही कशी मरेल. तिच्यातही साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, दारं, स्क्रीन, गिअरची चकती सगळं तिच्यावर. माझी गेल्या वर्षी तीच गेली. खालची मोठी ७० टक्के भरलेली, आणि गाडी म्हणजे दगड. दुसऱ्या गाडीवरून १२ व्होल्ट दिल्यावर लगेच जिवंत झाली.

इलेक्ट्रिक दोरीने ओढायची नाही. चाकं फिरली की मोटर फिरते आणि मोटर फिरली की ती वीज तयार करते. फ्लॅटबेडच हवा.

---

उडाणटप्पू | सकाळी ९:४०

सगळे उगाच घाबरवताय. माझ्या आधीच्या ऑटोमॅटिकला मित्राने लोणावळ्याजवळून न्यूट्रलमध्ये दोरीने ओढत आणली होती, ३० किमी. काही झालं नाही.

---

गॅरेजबाहेरचा | सकाळी १०:०२

"आधीची" म्हणालात. विकली का हो?

थट्टा बाजूला. गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. न्यूट्रल असलं तरी चालवणारी चाकं जमिनीवर फिरतात आणि आतले भाग तेलाविना फिरत राहतात. सीव्हीटीत तर पट्टा आणि पुली. काही मॅन्युअलमध्ये थोडं अंतर, कमी वेग एवढी सूट दिलेली असते, काहींत "मुळीच नाही" असं लिहिलंय. बेसमेंटमधून रॅम्पवर आणणं वेगळं आणि घाट उतरवणं वेगळं.

गंमत अशी की पुढच्या चाकांवर चालणारी गाडी क्रेनने पुढून उचलली तर न्यूट्रलची गरजच नसते. पुढची चाकं हवेत, 'पी'त असली तरी काय बिघडतं? मागची जमिनीवर, हँडब्रेक तेवढा खाली हवा. ताईंची गाडी तोंड भिंतीला करून उभी होती म्हणून सगळा घोळ. बेसमेंटमध्ये गाडी मागे घेऊन, तोंड बाहेर काढून लावा. केबल पोचते, क्रेन पोचते. चारही चाकांवर चालणारी असेल तर मात्र फ्लॅटबेडच, किंवा चाकांखाली ट्रॉल्या.

---

जुनाखोड | सकाळी १०:२०

वरच्यात भर. पंक्चर काढताना पुढचं एक चाक जॅकवर उचललंत तर 'पी' गाडीला धरत नाही. उचललेलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुलटं, मधल्या डिफरन्शियलमुळे. खिट्टी जागेवर, तरी गाडी जॅकवरून निसटते. मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, सायनला, १९९८ साली. मडगार्ड चेपलं, पाय वाचला.

---

नुसताच_वाचक | दुपारी १:१५

पहिल्यांदाच प्रश्न विचारतोय. माझी एएमटी आहे, तिच्यात 'पी' नाहीच. 'आर, एन, डी' आणि मॅन्युअल. मग माझं काय अडकणार?

---

गॅरेजबाहेरचा | दुपारी १:३८

तुमचं जास्त अडकतं. २०१४ ला सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. ती आतून साधी मॅन्युअल गाडी आहे, फक्त क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी यंत्र दाबतं. गिअरमध्ये ठेवून बंद केलीत की क्लच जोडलेला राहतो, चाकं इंजिनला बांधलेली. बॅटरी गेली तर ते यंत्र क्लच दाबू शकत नाही. दांडा 'एन'ला हलला तरी तो नुसता स्विच आहे, आत गिअर तसाच. ढकललीत तर इंजिनच्या कॉम्प्रेशनविरुद्ध ढकलताय. १२ व्होल्ट द्या, इग्निशन 'ऑन' करा, ब्रेक दाबा, 'एन' करा, स्क्रीनवर 'एन' दिसल्यावर ढकला. नाहीतर पुढून उचला.

---

ठाणे_ते_चर्चगेट | दुपारी २:०५

माझा प्रश्न वेगळा. बॅटरी ठणठणीत, गाडी चालू होते, तरी दांडा 'पी'तून निघत नाही. आठवड्यात दोनदा झालं. सर्व्हिसवाला गिअरबॉक्स उघडू म्हणतोय.

---

जुनाखोड | दुपारी २:३०

थांबा! उघडू देऊ नका. पुन्हा अडकली की कुणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागतात का? नाही लागले तर ब्रेक पेडलच्या वरचा स्विच किंवा ब्रेकलाइटचा फ्यूज गेलाय. त्याच स्विचवरून खटक्याला कळतं की ब्रेक दाबलाय. गिअरबॉक्सच्या मानाने तो स्विच किरकोळ किमतीचा. आणि हो, तोवर तुम्ही ब्रेकलाइटशिवाय ईस्टर्न एक्स्प्रेसवर फिरताय, ते जास्त वाईट.

---

ठाणे_ते_चर्चगेट | संध्याकाळी ७:४८

दिवे लागत नव्हते. स्विच. काका, दंडवत.

---

पार्लेकरीण | रात्री ९:१०

अवांतर: मिलन सबवेत पाण्यात बंद पडलेल्या ऑटोमॅटिकचं काय करायचं? दर पावसाळ्यात कुणीतरी असतंच.

---

गॅरेजबाहेरचा | रात्री ९:२६

अवांतर नाही, हाच विषय. पहिली गोष्ट, पुन्हा चालू करायचा प्रयत्न नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन पाण्यावर आपटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. मध्येच बंद पडली असेल आणि इग्निशनला अजून जीव असेल तर लगेच 'एन' करा, कारण थोड्या वेळाने पाणी वायरिंगमध्ये गेलं की तो खटका ऐकेल न ऐकेल. दोन-चार जणांनी ढकलून कडेला काढा. काचा आधीच खाली करा. आणि पाणी वाढत असेल तर गाडी सोडून निघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला तेव्हा बंद गाडीत थांबून राहिलेले लोक गुदमरून गेले आहेत.

---

उडाणटप्पू | रात्री ९:४४

हे मात्र खरं. माझे काका त्या रात्री गाडी कलिन्याला सोडून चालत घरी आले. गाडी चार दिवसांनी सापडली, दुसऱ्याच गल्लीत.

---

पोटमाळा | रविवार, सकाळी ११:०५

गाडी परत आली. अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा) गेला होता, म्हणून तो लाल दिवा. बॅटरी साडेचार वर्षांची होती, तीही बदलली. मागचे ब्रेक साफ केले. गिअरबॉक्सला काही नाही, मेकॅनिक म्हणाला घासत ओढली असती तर गोष्ट वेगळी होती.

बाबा काल रात्री आले. आज सकाळी चावी घेऊन खाली गेले, मी मागोमाग. स्टिअरिंगवर बसले, ब्रेक दाबला, दांडा 'आर'ला टाकला, परत 'पी'ला. मान हलवली. मग कन्सोलकडे बघून म्हणाले, "इथलं झाकण कुठाय?"

सीटखाली, रुळाच्या खाचेत सापडलं. त्यांनी ते फुंकर मारून बसवलं, खिशातून नवी बडीशेपची डबी काढली आणि नेहमीच्या कपहोल्डरमध्ये ठेवली. मी काही बोलले नाही. डबीच्या झाकणाला रबरबँड मात्र लावला.